एक कोटी पौंडांची जुनी गाडी: अस्सल कोणती आणि तोतया कोणती?

१/
जुलै १९९०, लंडन. उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे एका जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या व्यवहाराचा वाद उभा होता. गाडी बेंटले कंपनीची, वय साठीच्या आसपास, ठरलेली किंमत सुमारे १ कोटी पौंड. फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकणारी ‘ओल्ड नंबर वन’ ती हीच, असे विकणाऱ्याचे म्हणणे. ही ती गाडी नव्हेच, असे घेणाऱ्याचे.

२/
पानिपतानंतर प्रकटलेल्या भाऊसाहेबांच्या तोतयाचे प्रकरण मराठी इतिहासाच्या वाचकांना ठाऊक आहे. तेथे माणसाची ओळख पटवायची होती, येथे यंत्राची. आणि यंत्राची ओळख पटवणे अधिक अवघड होते, कारण १९२९ साली जिंकलेल्या गाडीतला लोखंडाचा जवळजवळ कोणताही तुकडा या गाडीत उरलेला नाही, असे तज्ज्ञांनीच न्यायालयाला सांगितले होते. मग एक कोटी पौंड नेमके कशाचे मोजायचे होते?

३/
या प्रश्नाचे उत्तर एका दिवसात घडले नाही. त्यामागे जुन्या मोटारींच्या खरेदीविक्रीतून उभ्या राहिलेल्या सुमारे सत्तर वर्षांच्या खटल्यांचा इतिहास आहे. प्रत्येक खटल्यात कोणीतरी फसले, कोणीतरी न्यायालयात गेले आणि जुनी गाडी शहाणपणाने घ्यायची म्हणजे काय पाहायचे, यात एकेका प्रश्नाची भर पडली. हा धागा त्या प्रश्नांचा आहे.

४/
मोटारीच्या आधी घोडा होता. घोडा घेणारा त्याचे दात पाहून वय ओळखी, चालवून पाय पाही, छातीवर हात ठेवून दम पाही. विकणाऱ्याने दोष सांगितलाच पाहिजे असे बंधन नव्हते. घेणाऱ्याने आपले डोळे उघडे ठेवावेत, हे जुने लॅटिन सूत्र इंग्रजी कायद्याने पिढ्यान्‌पिढ्या जपले. वस्तू समोर आहे, परीक्षेला मुभा आहे, मग नंतर तक्रार कशाला, असा त्यामागचा विचार होता.

५/
१८९३ मध्ये इंग्लंडने मालविक्रीचा कायदा केला. त्याचा मसुदा मॅकेन्झी चामर्स यांनी लिहिला. हेच गृहस्थ पुढे हिंदुस्थानात व्हाइसरॉयच्या कौन्सिलचे कायदा सदस्य झाले. कायद्याने जुने सूत्र मोडीत काढले नाही, पण त्याला अपवाद जोडले. माल विकण्याचा हक्क विकणाऱ्याला असला पाहिजे. वर्णन करून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळला पाहिजे. या दोन साध्या वाक्यांवर पुढे मोटारींचे कितीतरी खटले लढवले गेले.

६/
पहिला मोठा खटला १९२३ चा, रोलंड विरुद्ध डिव्हॉल. रोलंड हे मोटारींचे व्यापारी. त्यांनी डिव्हॉल यांच्याकडून ३३४ पौंडांना ‘आल्बर्ट’ नावाची एक मोटार घेतली, रंगवून दुकानात मांडली आणि एका कर्नलला ४०० पौंडांना विकली. गाडी उत्तम चालत होती. पण पहिल्या व्यवहारानंतर सुमारे चार महिन्यांनी पोलीस आले आणि गाडी घेऊन गेले. ती चोरीची निघाली.

७/
डिव्हॉल यांनाही चोरीचा पत्ता नव्हता. खालच्या न्यायालयाने म्हटले, गाडी इतके महिने वापरली गेली, मग पूर्ण पैसे परत कसे मागता? अपील न्यायालयाने हे मान्य केले नाही. रोलंड यांनी वापरासाठी नव्हे, मालकीसाठी पैसे दिले होते, आणि मालकी त्यांना एक क्षणही मिळाली नव्हती. सगळेच्या सगळे ३३४ पौंड परत करण्याचा आदेश झाला.

८/
जुन्या गाडीच्या परीक्षेत इंजिनाआधी विचारायचा प्रश्न या निकालाने ठरवून दिला: ही गाडी विकण्याचा हक्क या माणसाला आहे काय? महाराष्ट्रात आज आरसी पुस्तिकेवर मालकाचे नाव आणि कर्जाच्या बोजाची नोंद पाहिली जाते, ती याच शंकेपोटी. रंग, चकाकी आणि इंजिनाचा आवाज या प्रश्नाचे उत्तर कधीच देत नाहीत.

९/
दुसरा खटला ऑस्कर चेस विरुद्ध विल्यम्स, १९५७ च्या निकालसंग्रहातला. विल्यम्स यांनी आपली जुनी मॉरिस गाडी व्यापाऱ्याला देऊन त्याच्याकडून नवी हिलमन घेतली. नोंदणी पुस्तिकेत मॉरिसचे साल १९४८ होते. त्यानुसार व्यापाऱ्याने तिचे २९० पौंड धरले. आठ महिन्यांनी कळले की गाडी १९३९ ची आहे. तिची खरी किंमत १७५ पौंडच झाली असती. पूर्वीच्या कोणीतरी पुस्तिकेत खाडाखोड केली होती.

१०/
१९३९ आणि १९४८ या सालांमध्ये त्या मॉडेलचे बाह्यरूप बदललेले नव्हते, त्यामुळे डोळ्यांना फरक दिसणे शक्य नव्हते. विल्यम्स यांनी प्रामाणिकपणे पुस्तिकेतले साल सांगितले होते. अपील न्यायालयाने व्यापाऱ्याची भरपाईची मागणी फेटाळली. लॉर्ड डेनिंग यांचा मुद्दा साधा होता. चॅसी आणि इंजिन यांचे क्रमांक उतरवून कंपनीला पत्र लिहिले असते, तर साल तेव्हाच कळले असते. व्यापाऱ्याने नेमके तेच केले, पण आठ महिने उशिरा.

११/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा धडा ओळखीचा वाटेल. राजवाड्यांच्या पिढीने बखरींपेक्षा अस्सल कागदांना मान दिला, पण कागद हाती आला म्हणजे शोध संपला असे मानले नाही. कागद कोणी लिहिला, कधी लिहिला, त्यात नंतर कोणाचा हात फिरला, हेही तपासावे लागते. गाडीची नोंदणी पुस्तिका हाही एक कागदच आहे. तिची पडताळणी धातूवर ठोकलेल्या क्रमांकाशी आणि कारखान्याच्या दप्तराशी करायची असते.

१२/
तिसऱ्या खटल्यात पारडे उलटे फिरले. १९६५, डिक बेंटले प्रॉडक्शन्स विरुद्ध हॅरल्ड स्मिथ मोटर्स. नावाचा योगायोग असा की डिक बेंटले यांना बेंटले मोटारच हवी होती, तीही जिचा पूर्वेतिहास नीट ठाऊक आहे अशी. व्यापाऱ्याने एक गाडी दाखवली. पूर्वी ती एका जर्मन बॅरनकडे होती. तिला नवे इंजिन आणि गिअरबॉक्स बसवले असून त्यानंतर ती अवघी २०,००० मैल धावली आहे, असे त्याने सांगितले. किंमत १,८५० पौंड.

१३/
स्पीडोमीटरही २०,००० दाखवत होता. प्रत्यक्षात आकडा १ लाख मैलांच्या जवळ जाणारा होता. या वेळी न्यायालयाने घेणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला आणि व्यापाऱ्याचे बोलणे ही हमीच होती, असे ठरवले. विल्यम्स आणि हा व्यापारी, दोघांनीही चुकीचीच माहिती दिली होती. फरक इतकाच की विल्यम्स यांना खरे कळण्याचा मार्ग नव्हता, तर गाडीचा इतिहास शोधून काढणे हे या व्यापाऱ्याचे कामच होते.

१४/
पाच वर्षांनी, १९७० मध्ये, अमेरिकेत जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो नाकारला होता. गाडीतले दोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीला संशयाची किंमत देतो आणि चांगल्या गाड्यांचे मालक बाजाराकडे पाठ फिरवतात, असे त्यात मांडले होते. २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. इंग्लंडच्या न्यायालयाने मात्र ‘माहिती कोणापाशी आहे?’ हा प्रश्न त्याआधीच विचारला होता.

१५/
चौथा खटला सर्वांत विलक्षण. १९६७, बील विरुद्ध टेलर. जाहिरात होती: पांढरी, उघड्या टपाची ट्रायम्फ हेरल्ड, १९६१ ची. हेरल्डच्याच चॅसीवर बेतून ट्रायम्फने १९६२ मध्ये स्पिटफायर ही स्पोर्ट्‌स कार काढली, त्यामुळे तरुणांना या घराण्याची ओढ होती. बील यांनी गाडी पाहिली, मागच्या बाजूला ‘१२००’ ही खूण पाहिली आणि ती विकत घेऊन घरी नेली. ती नीट चालेना, म्हणून त्यांनी ती गॅरेजमध्ये दाखवली.

१६/
गॅरेजवाल्याने गाडीखाली वाकून पाहिले आणि उलगडा झाला. ती एक गाडी नव्हतीच. मागचा अर्धा भाग १९६१ च्या हेरल्डचा, पुढचा अर्धा भाग त्याआधीच्या मॉडेलचा, आणि दोन्ही मधोमध वेल्डिंगने जोडलेले. रस्त्यावर आणणेही धोक्याचे होते. विकणाऱ्या टेलर यांनाही हे ठाऊक नव्हते. त्यांनीही ती एकसंध समजूनच घेतली होती.

१७/
टेलर प्रामाणिक होते, तरीही हरले. विल्यम्स यांच्या खटल्यात वाद बोलण्यातल्या हमीचा होता. येथे वाद वस्तूच्या ओळखीचा होता. ‘१९६१ ची हेरल्ड’ या वर्णनाने माल विकला गेला आणि त्या वर्णनाची वस्तू तेथे अस्तित्वातच नव्हती. घेणाऱ्याने गाडी डोळ्यांनी पाहिली होती, यानेही फरक पडला नाही. भंगाराची किंमत वजा करून १२५ पौंड भरपाई बील यांना मिळाली.

१८/
आता पुन्हा ‘ओल्ड नंबर वन’कडे. अर्धी गाडी खरी असूनही हेरल्ड अपात्र ठरली. मग जवळजवळ काहीच मूळचे नसलेली बेंटले पात्र कशी ठरावी? त्यासाठी तिचे चरित्र पाहावे लागते. १९१९ मध्ये स्थापन झालेली बेंटले कंपनी १९२० च्या दशकात ल माँची सम्राज्ञी होती. किंबर्लीच्या हिरेव्यापारी घराण्यातला वुल्फ बार्नाटो १९२६ मध्ये तिचा अध्यक्ष झाला. तो पैसा पुरवी आणि शर्यतीत स्वतः गाडीही हाकी.

१९/
१९२९ मध्ये बार्नाटो आणि टिम बर्किन यांनी साडेसहा लिटर इंजिनाच्या ‘स्पीड सिक्स’ बेंटलेतून ल माँ जिंकली. त्या वर्षी पहिल्या चारही क्रमांकांवर बेंटलेच होत्या. १९३० मध्ये बार्नाटो आणि ग्लेन किडस्टन यांनी त्याच गाडीतून पुन्हा जिंकली. १९३१ मध्ये कंपनी बुडाली आणि रोल्स रॉइसच्या हाती गेली, पण गाडी धावतच राहिली. त्याच वर्षी तिने ब्रुकलँड्सची ५०० मैलांची शर्यतही मारली.

२०/
शर्यतीची गाडी घरच्या गाडीसारखी जगत नाही. दोन शर्यतींच्या मध्ये तिचा आस बदलतो, गिअरबॉक्स बदलतो, कधी चॅसीही बदलते. कारखान्यातले कारागीर जे हाताला येईल ते बसवून तिला पुढच्या शर्यतीला उभे करतात. १९३२ मध्ये या गाडीत ८ लिटरचे इंजिन आले. त्या सप्टेंबरात ब्रुकलँड्सच्या उतरत्या वळणाच्या माथ्यावरून ती बाहेर उडाली आणि चालक क्लाइव्ह डनफी ठार झाला.

२१/
बार्नाटोने उरलेल्या भागांतून ती पुन्हा उभी करवली, या वेळी रस्त्यावर फिरवायची बंद टपाची गाडी म्हणून. पुढे अनेक वर्षांनी ती एड हबर्ड यांच्याकडे आली. १९८० च्या दशकात जुन्या मोटारींचे भाव कडाडले. १९८७ मध्ये लंडनच्या लिलावात एका बुगाटी रोयालला ५५ लाख पौंड मिळाले. १९९० मध्ये मिडलब्रिज या जपानी मालकीच्या कंपनीने हबर्ड यांच्याशी ‘ओल्ड नंबर वन’चा सौदा केला आणि मग ती अस्सल नाही म्हणून घेण्यास नकार दिला.

२२/
न्यायालयात गाडीचे जणू शवविच्छेदन झाले. १९२९ च्या गाडीतले, काळ ठरवता न येणारे किरकोळ जोड सोडले, तर काही उरले नव्हते. १९३० च्या गाडीतला पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचे कवच आणि स्टिअरिंगचा खांब एवढेच टिकले होते. बाकी बराचसा ऐवज १९३२ चा आणि त्यानंतरचा. एवढ्यावर पाहिले, तर घेणाऱ्याची बाजू भक्कम वाटते.

२३/
न्यायमूर्ती ऑटन यांनी शब्द वेगळे केले. ही गाडी ‘मूळ’ आहे काय? नाही, १९२९ चे लोखंड तिच्यात नाही. मग ती ‘नव्याने घडवलेली’ आहे काय? तेही नाही, कारण तसे म्हणायला जुनी गाडी मधल्या काळात नाहीशी झालेली असावी लागते, आणि ती कधीच नाहीशी झाली नव्हती. भाग एकेक करून, वर्षानुवर्षे बदलत गेले आणि प्रत्येक नवा भाग जिवंत गाडीत सामावत गेला. म्हणून ती ‘अस्सल’ ओल्ड नंबर वन ठरली. त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडीच जगात नव्हती.

२४/
हेरल्ड आणि बेंटले यांतला भेद येथे उघड होतो. हेरल्डमध्ये दोन गाड्यांची चरित्रे एकाच दिवशी कापून जोडली गेली आणि तो सांधा रंगाखाली लपवला गेला. बेंटलेत चरित्र एकच होते. तिचे बदल, तिचा अपघात, तिचे नवे इंजिन, सारे नोंदींत होते आणि सांगता येत होते. बदल हा दोष नव्हता. बदल लपवून जुने वर्णन चिकटवणे हा दोष होता.

२५/
हा इतिहास परका नाही. १८९३ च्या इंग्रजी कायद्यावर बेतलेला मालविक्री कायदा १९३० पासून भारतात लागू आहे. त्याचे १४ वे कलम विकण्याच्या हक्काबद्दल, १५ वे वर्णनाबद्दल, तर १६ वे दर्जाबद्दल आणि घेणाऱ्याच्या सावधगिरीबद्दल बोलते. पुण्यात किंवा नागपुरात कोणी जुनी स्पोर्ट्‌स कार घेतो, तेव्हा रोलंड, विल्यम्स आणि बील यांच्या तक्रारींचे उत्तर याच कलमांत शोधले जाते.

२६/
जुनी गाडी घेणाऱ्याने म्हणून पाच गोष्टी क्रमाने कराव्यात. मालकी आणि बोजा तपासावा. चॅसी व इंजिनाचे क्रमांक धातूवर वाचून पुस्तिकेशी आणि कंपनीच्या नोंदींशी ताडून पाहावेत. किती धावली, काय बदलले, हे ज्याला ठाऊक असायला हवे त्याच्याकडून लेखी घ्यावे. गाडी लिफ्टवर चढवून, जाणत्या मेकॅनिककडून खालचा सांगाडा आणि वेल्डिंग पाहून घ्यावे. आणि पावतीवर गाडीचे वर्णन नेमक्या शब्दांत लिहून घ्यावे. वेगवान गाडीत चौथी गोष्ट टाळली, तर धोका पैशांचा राहत नाही, जिवाचा होतो.

२७/
निकाल हबर्ड यांच्या बाजूने लागला. त्याच सुमारास बाजार उतरणीला लागला आणि जुन्या मोटारींचे फुगलेले भाव कोसळू लागले. किमती आल्या तशा गेल्या. पेडलचा एक दांडा, गिअरबॉक्सचे कवच, स्टिअरिंगचा खांब आणि साठ वर्षांचे अखंड दप्तर, एवढ्या पुराव्यावर त्या गाडीचे नाव मात्र कायम राहिले.